रवंथाची बैठक

मामा, तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मोर्णा नदीच्या काठी तुम्हाला पोचवायला आलो तेव्हा आमच्यात नऊ डॉक्टर होते. नऊच्या नऊ तुमच्या हाताखालून गेलेले, आणि एकालाही लाकडं धड रचता येईनात. शेवटी तुमचा जावई वैतागून म्हणाला, "डॉक्टरसायेब, तुमी जरा बाजूले व्हा पाहू." आम्ही मुकाट्यानं बाजूला झालो. अमरावतीच्या दवाखान्याच्या त्या आवारात तुमच्यापुढंही आमचं असंच व्हायचं, नाही का?

या गोष्टीला आज चार दिवस झाले. मला रडू येईल असं वाटलं होतं. थोडं आलंही, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त काय आलं सांगू? छाती फुगून आली. नदीवरून परत येताना आम्ही नऊ जण मोजत होतो की आज कोण कुठं आहे. एक धारणीला, एक दर्यापूरला, दोघं नागपुराकडं, तिघं अमरावतीतच, एक पलटणीत घोड्यांचा डॉक्टर, आणि मी इथं अकोल्यात तुमचंच काम पुढं चालवत पोरांना घोडा शिकवतो आहे. कागदोपत्री तुम्ही ढोरांच्या दवाखान्यातले साधे ड्रेसर. पट्ट्या बांधायच्या, मलमं घोटायची, टेबलं पुसायची. त्याआधी पलटणीत नालबंद होतात एवढंच लोकांना ठाऊक. बडनेऱ्याचे टांगेवाले तुम्हाला दौलत नालबंद म्हणायचे, आम्ही मामा म्हणायचो. मास्तर कुणीच म्हणालं नाही. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

आमच्या कॉलेजानं आम्हा सहा जणांना घोड्याच्या प्रॅक्टिकलसाठी अमरावतीला पाठवलं तो पहिला दिवस आठवतो? दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांनी तासभर पुस्तकातलं समजावलं आणि ते गावोगावी गुरांना लस टोचायला निघून गेले. मग तुम्ही आलात. हातात चुन्याची बादली. बांधलेल्या घोड्यामागं तुम्ही अर्धा गोल काढलात आणि म्हणालात, "याच्या अंदर यम राह्यते. बैल बाजूनं मारते, घोडं मांगून मारते. तुमी सारे बैलवाल्याचे पोट्टे, तुमचे पाय मांगूनच जातीन." आणि तेवढ्यात आमच्यातला ठाकरे, सात पिढ्या बैलांत वाढलेला, शेपटीकडून थेट त्या गोलात शिरला होता! तुम्ही त्याला कॉलर धरून ओढलं नसतं तर आज तो धारणीला नसता, कुठंच नसता.

माझी गोष्ट मात्र त्याच्यापेक्षा वाईट. ठाकरे निदान बैलांच्या घरचा. आमच्या घरी दावणच नव्हती. मी लहानपणी दुसऱ्यांची गुरं राखली, घोडा पाहिला तो पाटलांचा, तोही लांबून. पुस्तकात घोडा मला पाठ होता. हाडं, दात, आतड्याची लांबी, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं असतं. पण पुढं एका सकाळी करीमभाई टांगेवाला आपली मैना घेऊन आला, चारा खाईना म्हणून. साहेबांनी मला पुढं केलं. घोडी, साहेब, करीमभाई, आणि कंपाउंडभर टांगेवाले माझ्याकडं पाहत उभे. माझ्या डोक्यातलं पुस्तक मिटलं आणि तोंडून आतला गुराखी बोलला.

"साहेब, रवंथ बंद आहे."

घोडा रवंथ करतच नाही, मामा. जन्मात करत नाही. हे त्या आवारातल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. टांगेवाले असे हसले की मैनानं कान मागं टाकले. करीमभाई म्हणाला, "साब, ये रवंथवाले डॉक्टर कू मेरी घोडी से दूर रखो." साहेबांचा चेहरा पडला. ते कधी कुणाला टाकून बोलत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, की तुला घोड्यांच्या कामात ठेवावं की परत पाठवावं याचा मला विचार करावा लागेल. आठ दिवस देतो.

एक तुम्हीच हसला नाहीत. तुम्ही मला मैनापुढं नेलंत, गवताची पाटी माझ्या मांडीशी ठेवलीत आणि अगदी गंभीर तोंडानं म्हणालात, "बस इथं. रवंथ आला का मले सांगजो."

मी बसलो. एवढा मी खुळा नव्हतो, तुम्ही शिक्षा देताय हे मला कळत होतं. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी मैनाकडं टक लावून पाहत बसलो. एक तास गेला, दोन गेले. रागानं का होईना, पाहत होतो. मग हळूहळू दिसायला लागलं. ती डावीकडून चावते आणि उजवीकडचा घास गालात धरून ठेवते. श्वासाला नाकपुडी जराशी फाकते. पुढचा एक पाय टेकवते, उचलते, पुन्हा टेकवते. माशी बसली की कुठली कातडी थरथरते आणि कुठली थरथरत नाही.

दुपारी तुम्ही आलात. "आला काय रवंथ?"

"नाही मामा."

"येनारई नाई. आता काय काय पायलं ते सांग."

आणि मी सांगत सुटलो, मामा. बोलता बोलता मीच थांबलो, कारण उजवीकडच्या दाढेचं दुखणं माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं. तुम्ही मैनाचं तोंड उघडून दाखवलंत. दाढेला कड आली होती आणि गाल सोलला होता. तुम्ही लांब दांडीची कानस आणलीत आणि कड घासायला ती माझ्या हातात दिलीत. संध्याकाळी मैना चारा खात होती. तो दिवस मी कुणाला विकणार नाही.

त्यानंतर तुम्ही प्रत्येक तुकडीला अशीच बैठक घातलीत. अर्धा दिवस घोड्यापुढं, वही नाही, छाती तपासायची नळी नाही. पोरं तिला रवंथाची बैठक म्हणायची आणि हे नाव कुठून आलं असं विचारायची. तुम्ही म्हणायचे, "पलटनीतली रीत हाय." दहा वर्षं तुम्ही हे खोटं बोललात. ती पलटणीतली रीत नव्हती, ती माझी फजिती होती. तुम्ही माझं नाव कधीच काढलं नाहीत. टांगेवालेही हळूहळू विसरले. मी मात्र विसरलो नाही, आणि यावर तुम्हाला कधी दोन शब्द बोललोही नाही. कसे बोलायचे असतात हे शब्द? तुम्ही तर आभाराचा वास आला की तंबाखू मळायला घ्यायचे.

साहेबांनी दिलेल्या आठ दिवसांतला सातवा दिवस. साहेब धारणीकडं दौऱ्यावर. आणि दर्यापूरच्या मोटारीनं माझा बा आला.

बाची गोष्ट तुम्हाला मी तोवर सांगितली नव्हती. आमच्या गावात मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्या वस्तीचं. माझ्या आज्यानं ओढलं, बानं ओढलं. नागपुरात धम्मदीक्षा घेऊन आल्यावर बानं ती ओढायची दोरी चुलीत घातली आणि पाटलांच्या गड्याला सांगितलं, आता तुमचं ढोर तुम्ही पाहा. त्याला जेमतेम वर्ष झालेलं. आणि पोरगा तालुक्यात पहिला कॉलेजात गेला तो वकील व्हायला नाही, मास्तर व्हायला नाही, तर ढोरांचा डॉक्टर व्हायला. त्यात मी खुळ्यासारखं पत्रात लिहून बसलो की बहुतेक मला इथून काढतील.

बा निंबाखाली उभा राहून हळू आवाजात बोलला. तो मोठ्यानं कधीच बोलत नसे. "गाठोडं बांध. मेल्याले हात लावनं सोडलं आपन, अन् तू पुन्हा ढोरातच येऊन बसला. अन् इथंई लोक हासूनच राह्यले तुले."

"बा, इथं जित्ते असतात."

"आज जित्ते. उद्या?"

मी खोलीवर जाऊन गाठोडं बांधायला घेतलं. धोतर, दोन सदरे, पुस्तकं. तेवढ्यात फाटकाशी आरडाओरड झाली.

पुन्हा मैनाच. दोन दिवस घशाखाली गाठ धरली होती म्हणे, करीमभाईनं हळद लावली आणि टांग्याला जुंपली. आता गळा भोपळ्याएवढा सुजलेला, श्वास घोरल्यासारखा, जीभ निळी. तिचे पाय लटपटत होते. फाटकात येताच ती गुडघ्यांवर बसली. करीमभाई नुसता "दौलतभाई, दौलतभाई" करत होता. गर्दीतलं कुणीतरी, बैल घेऊन आलेलं, सहज म्हणालं, "गेली हे. आता ओढाले मानूस पायजे."

आणि मामा, त्या गर्दीतल्या दोघातिघांनी माझ्या बाकडं पाहिलं. फक्त पाहिलं. अंगावरच्या धुवट कपड्यांवरून नाही, उभं राहण्यावरून ओळखलं असेल. बाचं तोंड दगडासारखं झालं. ते मी पाहिलं. तुम्हीही पाहिलंत का? हेच मला तुम्हाला विचारायचं होतं. बारा वर्षं विचारायचं राहिलं.

कारण पुढं तुम्ही जे केलंत ते नुसतं घोडीसाठी केलंत असं मला वाटत नाही. तुमचे हात माझ्यापेक्षा शंभरपट पक्के होते. पलटणीत तुम्ही हे पाहिलं होतं, कदाचित केलंही होतं. तुम्ही चाकू माझ्या हातात ठेवलात. "मी कापलं त गुन्हा होईन. तुह्यापाशी कॉलेजचा कागद तरी हाय. चाल, गाठीच्या खाली, मधोमध." आणि मग गर्दीकडं वळून, सरळ माझ्या बाला म्हणालात, "ओ पाव्हने, असे दूर काहून उभे? या इकडं. हे दोरी धरा अन् तिचं डोकं वर ठेवा. जनावर तुमाले वयखते."

कुठलं जनावर कुणाला ओळखत होतं, मामा! बानं जन्मात घोड्याला हात लावला नव्हता. पण तो आला. त्यानं दोरी धरली, दुसरा हात तिच्या जबड्याखाली घातला आणि ते जड डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

श्वासनळीत भोक पाडलं की त्यात घालायला नळी लागते. ती नळी आमच्या पुस्तकात चित्रात होती, दवाखान्यात नव्हती. तुम्ही इकडंतिकडं पाहिलंत आणि चहावाल्याची उकळती किटली उचलली. नाल उपटायची पकड लावून तोटी मोडून घेतलीत. खुरांच्या कानशीनं तिची धार घासलीत आणि उरलेल्या उकळत्या चहातच ती बुडवलीत. चहावाला "माही किटली! माही किटली!" करत राहिला.

मी बोटांनी श्वासनळीच्या कड्या चाचपल्या. एक, दोन, तीन. कातडी कापली. मांस दोन बाजूंना सारलं. तुम्ही कानाशी बोलत होता, एकसुरी, मलमं घोटताना बोलायचे तसं. "मधोमध. बाजूले गेला त रगत. घाई नाई. तिले घाई हाय, तुले नाई." शेवटच्या चिरेला हवा आत ओढली गेली आणि असा आवाज झाला की पुढची माणसं मागं सरली. मी तोटी बसवली. तुम्ही पट्टी फिरवून गाठ मारली.

मैनानं श्वास घेतला. किटलीच्या तोटीतून, आल्याच्या वासाचा. एक, मग दुसरा. जीभ निळीची जांभळी झाली, जांभळीची गुलाबी. बाच्या खांद्यावरचं डोकं हललं. तिनं पुढचे पाय रोवले, जोर केला आणि अख्खी घोडी बाच्या हातातल्या दोरीला हिसका देत उभी राहिली.

टांगेवाले पुन्हा ओरडले, पण या वेळी वेगळं. करीमभाईनं मला उचललंच. त्या ओरडण्यात मला बाचा आवाज ऐकू आला, जो कधीच मोठ्यानं बोलत नसे. "जित्ती उठली रे! जित्ती उठली!"

बानं मैनाला आवारातून एक फेरी मारून आणली. कुणी सांगितलं नव्हतं. मग दोरी तुमच्या हातात दिली, फाटकाबाहेर गेला आणि मोटार धरून एकटाच गावी गेला. जाताना ती बिनतोटीची किटली चहावाल्याकडून मागून नेली. आजही आमच्या घरात फळीवर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो आणि दर वेळी गोष्टीतली घोडी थोडी मोठी होते.

आठव्या दिवशी साहेब परत आले, मैनाला पाहिलं, तोटी पाहिली, तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही टेबल पुसत होतात. साहेब मला म्हणाले, "गाठोडं सोड." बस्स, एवढंच.

पास झाल्यावर मी पाया पडायला आलो तेव्हा तुम्ही काय केलंत आठवतं का? मी वाकायच्या आत तुम्ही वाकलात, माझा पाय घोट्याशी धरून घोड्याच्या खुरासारखा वर उचललात, नव्या बुटाचा तळवा निरखलात आणि म्हणालात, "नाल बरी ठोकली. चालशीन." सगळ्या आवारासमोर मी एका पायावर उड्या मारत होतो. नमस्कार राहूनच गेला. पुढंही तुम्ही कधी करू दिला नाहीत, थेट चार दिवसांपूर्वीपर्यंत. तेव्हा मात्र तुमचा काही इलाज नव्हता.

आता सगळं गोडच लिहिलं तर तुम्ही ओळखणार नाही की हे पत्र माझं आहे. म्हणून भांडणाचंही लिहितो. पायाची शीर सुजली की तापल्या लोखंडानं डाग द्यायचा, हे तुमचं वेड. मी इथं अकोल्यात शिकवायला लागलो आणि डाग बंद केला. तुम्ही निवृत्त होऊन लेकीकडं इथंच राहायला आला होता, रोज इथल्या आवारात यायचे. डाग बंद केल्याचं कळल्यावर महिनाभर फिरकला नाहीत. शेवटी मीच घरी आलो, तर म्हणालात, "डागानं घोडं बरं होते." मी म्हटलं, "डागानं नाही मामा, डाग दिल्यावर टांगेवाला दोन महिने जुंपत नाही, त्या आरामानं बरं होतं." तुम्ही बराच वेळ तंबाखू मळलीत. मग म्हणालात, "मंग बिनाडागाचं त्याले कोन आराम देईन?" टांगेवाला तसा आराम देत नाही, हे खरं. तरी मी डाग देणार नाही. तुम्ही चुकलात असंच मी म्हणणार, आणि तुम्ही तिकडून मान हलवणार. हे भांडण मिटू नये अशीच माझी इच्छा आहे.

आणि आता कालचं सांगतो.

तुमच्या मातीसाठी बा गावाहून आला होता. थकला आहे, पण आला. काल सकाळी चहा घेताना म्हणाला, "दोरी त गावानंई देली व्हती मले. मेलेलं ओढाची. जित्तं धराची त्या मानसानं देली." आणि पुढं म्हणाला, "आज तुह्या शाळेत येतो मी."

तुकडी नवी आहे, बारा पोरं, घोड्यापुढं त्यांचा पहिलाच दिवस. मी आवारात चुन्याचा अर्धा गोल काढला. घोडा आणला आणि बाच्या हातात दोरी दिली. पोरांना पुढं बसवलं, वह्या काढून घेतल्या. म्हटलं, "बसा. रवंथ आला की मला सांगा."

पहिल्या ओळीतला एक हुशार पोरगा लगेच म्हणाला, "सर, घोडं रवंथ करतच नाई."

"मला ठाऊक आहे. तू बस."

सगळी सकाळ बसली पोरं. चुळबुळ केली, कुजबुजली, मग गप्प झाली, मग पाहायला लागली. मला ते चेहरे बदलताना दिसत होते, मामा. तुम्हाला माझा दिसला असेल तसेच. बा दोरी धरून उभा होता. मी खुर्ची देऊ केली तर म्हणाला, बसून दोरी धरत नाहीत.

दुपार झाली. मी उठलो आणि आधी गोष्ट सांगितली. ही बैठक पलटणीतली रीत नाही, हे सांगितलं. एका पोरानं एकदा भर आवारात घोड्याचा रवंथ बंद असल्याचं निदान केलं होतं आणि म्हणून त्याला दुपारपर्यंत घोडीपुढं बसवलं होतं, हे सांगितलं. पोरं खो खो हसली. "कोण होता सर तो गाढव?" हुशार पोरानं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

मग मी त्यांना तुमचं नाव सांगितलं. दौलत नालबंद. ड्रेसर. आमचे मामा. आमचे गुरू. हा शब्द तुम्ही जिवंत असताना मला वापरू दिला नाहीत, काल वापरला. आणि बाकडं बोट दाखवून सांगितलं की पुढं त्याच घोडीच्या श्वासनळीत तोटी बसवली तेव्हा तिचं डोकं यांच्या खांद्यावर होतं. बारा पोरांनी बाकडं पाहिलं. बानं दोरी जरा घट्ट धरली आणि मान ताठ केली.

"मग सर, मामा काय म्हणाले?" मागून कुणीतरी विचारलं. "दुपारी आले तेव्हा?"

मामा, मी तुमच्याच बोलीत म्हटलं, "येनारई नाई. आता काय काय पायलं ते सांगा."

बाराच्या बारा हात वर गेले.